अर्ध्यावर सुटलेली फुगडी

तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास पार बैठकीपर्यंत पोचला, तरी वच्छला काही हलली नाही… ती फ्रीजचं दार उघडून आत तोंड घालून उभी होती! पन्नाशीची बाई दूध-दह्याच्या पातेल्यांसमोर डोळे मिटून उभी, कपाळावरून घाम निथळतोय, झंपर पाठीला चिकटलाय, आणि छातीपासून वर मानेपर्यंत, कानांच्या पाळ्यांपर्यंत आतून कुणीतरी चूल पेटवल्यासारखी आग आग होतेय…

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून तिच्या सासूबाई, शिवबाई, मटकी निवडत होत्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या. पाठ अशी वाकलेली की उभ्या राहिल्या तरी नजर जमिनीलाच. त्यांनी कष्टानं मान वर केली.

"आत काय देव बसलाय व्हय गं? भाकरीचा कोळसा झाला की."

एरवी वच्छलेनं हे हसण्यावारी नेलं असतं. सासूच्या, तिच्या आत्याबाईंच्या, तोंडाची तिला सवय होती. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, तिनं तवा आपटून खाली उतरवला आणि ती ओट्याला टेकून हमसून हमसून रडू लागली. बाहेर पेपर वाचत बसलेले महिपतराव, तिचा नवरा, दारापर्यंत आले, "पंखा लावू का?" म्हणाले, आणि परत जाऊन पेपरात शिरले. एसटीत उभा जन्म काढलेला माणूस, फलाटावरच्या भांडणाऱ्या गर्दीला शांत करायचा, पण बायको रडायला लागली की त्याचे हातपाय गळायचे.

आता करपलेल्या भाकरीसाठी कुणी रडतं का? रडतं बाई, रडतं! जिची पाळी जाऊन वर्ष उलटलंय, रात्री जिला झोप नाही, सकाळी जिचे गुडघे बोलतात, जी उगाच खेकसते आणि मग त्या खेकसण्याचंच वाईट वाटून देवघरात जाऊन डोळे पुसते, तिला विचारा. आणि वच्छलेच्या काळजात तर त्या आगीहूनही जुनं असं काहीतरी जळत होतं, जे तिनं नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

सुरुवात झाली ती मनगटापासून. संक्रांतीच्या सुमाराला मोरीत पाय घसरला, तिनं नुसता हात टेकला आणि हाड मोडलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की पाळी गेल्यावर बाईची हाडं विरळ व्हायला लागतात आणि वच्छलेची जरा लवकरच लागली आहेत. आज मनगट मोडलं, उद्या मांडीचं हाड मोडेल, नाहीतर मणके दबून पाठ वाकेल. गोळ्या घ्या, दूध-नाचणी खा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्यायाम करा. पाठ वाकेल म्हटल्यावर वच्छलेच्या डोळ्यांसमोर घरातलीच एक पाठ उभी राहिली.

सुनेनं, अंकितानं, मग काही ऐकलं नाही. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवर समाजमंदिराचा हॉल होता. तिथं झीनत नावाची एक तरणीताठी फिजिओथेरपिस्ट सकाळी पन्नाशीच्या बायकांकडून व्यायाम करून घ्यायची. अंकितानं सासूला बूट आणले, स्कूटरवर मागं बसवलं आणि नेऊन सोडलं. पहिल्या दिवशी साडीखाली ते पांढरे बूट बघून वच्छलेला स्वतःचंच हसू आलं. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "पोलीस भरतीला चाललीयास का?" पण त्यांनी नको काही म्हटलं नाही.

आणि खरं सांगायचं तर वच्छलेला तिथं फार आवडलं! भिंतीला हात लावून ढकलायचं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता उठायचं… आणि मधल्या सुट्टीत साऱ्याजणी आपापल्या अंगातल्या आगीची गाऱ्हाणी सांगून खो खो हसायच्या. कुणी रात्री गच्चीत जाऊन झोपते, कुणी चिडून नवऱ्याच्या अंगावर पाणी ओतलेलं. आपण एकटीच वेडी झालेलो नाही, हे कळलं तेव्हा वच्छलेला निम्मं बरं वाटलं. झीनत म्हणायची, "काकू, गोळी हाडाला माल देते, पण हाडाला कामाला लावल्याशिवाय ते तो माल घेत नाही." वैशाख-जेठात वच्छलेची झोप सुधारली, गुडघे गप्प झाले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, आता हलकं हलकं उडायलाही हरकत नाही, हाडाला तेच हवं असतं.

आणि तिथंच घोडं अडलं.

आषाढ नुकताच लागला होता. झीनतनं सगळ्यांना गोलात उभं केलं आणि हसत म्हणाली, "नागपंचमी महिन्यावर आली की! नुसत्या उड्या मारायला तुम्ही लाजता, मग आपण फुगडीच घालू. हळूहळू, बेतानं." बायकांनी एकच गलका केला, जिला जी मिळाली तिचे हात धरले. शेजारच्या घरातल्या अंबिकाबाईंनी वच्छलेचे हात धरले मात्र… वच्छलेनं विजेचा झटका बसावा तसे हात ओढून घेतले! चेहरा पांढराफटक. बूट हातात घेऊन ती अनवाणी घरी आली. त्यानंतर ती हॉलकडे फिरकली नाही, आणि महिनाभरातच रात्रीची झोप पुन्हा उडाली, गुडघे पुन्हा बोलू लागले, आणि फ्रीजचं दार पुन्हा उघडं राहू लागलं.

फुगडी!

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात वाढलेली वच्छला, गुरवाच्या आळीत तिला 'भिंगरी' म्हणत. पंचमीला लिंबाला झोके बांधले की पहिला झोका तिचा, आणि संध्याकाळी पारापाशी फेर धरला की शेवटची फुगडी तिची. पोरी दमायच्या, एकेक गळायची, ही आपली उभी. हिरव्या बांगड्यांचा आवाज, मेंदीचा वास, पायाखाली ओली माती, वर तारे गरगर फिरतायत… आई लांबून ओरडायची, "आगं बास कर, सासरी गेल्यावर कोण फिरू देणाराय?"

पण सासरी फिरू देणारं माणूस होतं! मोहोळजवळच्या त्या खेड्यात धाकटी नणंद होती, अंबू. कोवळी, नाजूक, जरा चाललं तरी धाप लागणारी, पण हौस आभाळाएवढी. वहिनी वहिनी करत मागंमागं. दोघी आपापल्या गळ्याला चिमटा लावून एकमेकींना शपथा घालायच्या, 'माझ्या गळ्याची शपथ, आईला सांगायचं नाही', आणि काम झालं की तसाच चिमटा लावून 'सुटली' म्हणायच्या. जिनं घातली तिनंच सोडायची, हा नियम. पहिल्या पंचमीला वच्छला रीतीप्रमाणं माहेरी गेली, दुसरी पंचमी सासरी. त्या संध्याकाळी गावच्या पारापाशी अंबूनं हट्टच धरला की वहिनी, फुगडी माझ्यासंगं. दोघी फिरल्या, हसल्या… आणि मध्येच अंबूचे हात सैल पडले. ती खाली बसली, आडवी झाली. जीपमधून मोहोळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लहानपणीच्या तापानं काळजाची झडप खराब झालेली होती, कुणाला माहीत नव्हतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण आईच्या काळजाला डॉक्टर काय समजावणार?

दिवसकार्याच्या आधी शिवबाई विस्कटलेल्या केसांनी वच्छलेसमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळे लालबुंद, अंगाला दरदरून घाम. स्वतःच्या गळ्याला चिमटा धरून त्या किंचाळल्या होत्या, "पुन्ना फुगडीला पाय उचललास, तर माझं मेल्यालं तोंड बघशील! माझ्या गळ्याची शपथ हाय तुला!"

घरातली पंचमी बंद झाली. मोठं माणूस ज्या सणाला जातं तो सण घरात राहत नाही. पुढं कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तरच तो पुन्हा सुरू होतो. अंबू मोठी नव्हती, पण शिवबाईंनी सण मोडला तो मोडलाच. पंचमीला कुणी तवा चुलीवर ठेवत नाही, विळी हातात धरत नाही, पण या घरात त्या दिवशी मुद्दाम भाकऱ्या भाजल्या जात. नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड सोलापुरात आलं, गाईगुरं गेली, आणि त्या दिवशी मूल काही जन्मलं नाही. शेजारणी वाटीत झाकून पुरणाची दिंडं आणून देत, ती वच्छला ओट्यापाशी उभ्यानं खाई, पाठ वळवून.

आणि शपथ? ती तर वच्छलेनं हाडामासात मुरवली. नुसती फुगडीच नाही, तिचे पाय भुईवरून उठायचेच बंद झाले! गौरीच्या जागरणाला ती भांडी घासत बसे. मुलाच्या, अभिमन्यूच्या वरातीत सगळ्या नाचल्या, ही पाण्याचे ग्लास वाटत होती. डबकं आलं तर ओलांडायची नाही, वळसा घालायची. उगाच चुकून पाय उचलला आणि आत्याबाईंना काही झालं तर? लेक गमावलेल्या बाईकडे 'माझी शपथ सोडा' म्हणून कुठल्या तोंडानं मागायचं? ती जखम कोण उघडणार? त्यापेक्षा मोडू देत माझी हाडं… असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी रविवार होता. अंकिताला बँकेला सुट्टी. दुपारची जेवणं झाल्यावर ती सासूच्या पुढ्यात येऊन बसली. पोरगी गुणाची, पण मनात आलं ते ओठावर. झीनत रोज विचारते माझं काही चुकलं का, म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलंय, तिकडंही तुम्ही जात नाही. सगळं चांगलं चाललं होतं, मग उडायचं म्हटल्यावर नेमकं काय होतं तुम्हाला? वच्छला खाली मान घालून साडीच्या पदराच्या दशा ओढत राहिली, तेव्हा अंकिताचा धीर सुटला.

"आई, आजींसारखी पाठ करून घ्यायचीय का तुम्हाला?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली, कारण उंबऱ्यावर काठी टेकून शिवबाई उभ्या होत्या.

वच्छलेनं सुनेला गप्प केलं, पण शिवबाई आत आल्या, स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, बोलू दे तिला, खोटं काय बोलली? मग वाकलेल्या पाठीनंच मान तिरकी करून त्यांनी वच्छलेच्या तोंडाकडे बघितलं.

"वच्छले, का जात न्हाईस तू तितं? मी काय म्हटलं का तुला?"

वच्छलेच्या अंतःकरणात इतक्या वर्षांचा बांध फुटला… ती आत्याबाईंच्या पायाशी बसली.

"तुमी शपथ घातलीय मला, आत्याबाई. अंबूताई गेल्या तवा. फुगडीला पाय उचलला तर तुमचं मेलेलं तोंड बघीन म्हणून… तितं फुगडी घालायला लावत्यात. मी कशी जाऊ? माझी हाडं मोडली तर मोडू द्यात, पण तुमच्या जिवावर मी कशी उड्या मारू?"

बाहेर महिपतरावांचा पेपर खाली आला. अगदी हळू, लहान मूल विचारतं तसं शिवबाईंनी विचारलं, "मी? मी आसं म्हटलं? …कवा गं?"

त्यांना आठवत नव्हतं!

ज्या एका वाक्यावर वच्छलेनं आपलं सगळं तारुण्य बांधून ठेवलं, आपलं हसणं, आपले पाय, आपलं भिंगरीपण ज्याच्यावरून ओवाळून टाकलं, ते वाक्य बोलणारीच्या स्मरणातसुद्धा नव्हतं. वच्छलेला क्षणभर राग आला, खरंच आला, इतका की डोळ्यांपुढं अंधारी आली. पण शिवबाईंचा तो भांबावलेला चेहरा बघून तो राग कुठल्या कुठं गेला, आणि फक्त दुःख उरलं.

"मला वाटायचं तू अंबूच्या दुक्कानं खेळत न्हाईस," शिवबाई म्हणाल्या. "मी मनात म्हणायची, बघा, सून आसून नणंदंसाठी किती पाळतीया. मला तुजा आभिमान वाटायचा गं…"

मग त्या बोलत राहिल्या, थांबत थांबत, कधी वच्छलेकडे बघून तर कधी जमिनीकडे. ज्या वर्षी अंबू गेली त्याच वर्षी त्यांची पाळी गेली होती. अंगातून जाळ निघायचा, छातीत धडधडायचं, डोळ्याला डोळा लागायचा नाही. सांगणार कुणाला? नवऱ्याला? भावकीला? बायका म्हणाल्या, लेकीच्या दुःखानं डोकं फिरलंय, जवळ जाऊ नका. त्यांना स्वतःलाही तेच वाटलं. काय बोललो, कुणाला बोललो, त्या दिवसांतलं काही म्हणता काही ध्यानात राहिलं नाही. जाळ विझला तेव्हा त्या एका कोपऱ्यात बसलेल्या होत्या, आणि मग बसूनच राहिल्या. शेतात जाणं सोडलं, चालणं सोडलं, पाठ वाकत गेली तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"तुजं फ्रीज उघडं दिसायचं की मला सारं आटवायचं. पर लाज वाटायची बोलायला. चेष्टा करून टाळायची मी," त्या म्हणाल्या, आणि सुरकुतलेल्या हातांनी त्यांनी वच्छलेचा चेहरा धरला. "माज्या आगीत तू जळलीस गं पोरी…"

अंकिता तोंडाला ओढणी लावून रडत होती. महिपतराव दारात उभे होते, आणि या वेळी ते परत गेले नाहीत. आत आले, बायकोच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, मला एका शब्दानं सांगायचंस तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवबाईंनी ट्रंकेतलं ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पोलीस भरतीला!

समाजमंदिराच्या हॉलमध्ये पंचमीचा थाट होता. बायका हिरव्या बांगड्या भरून आल्या होत्या, झीनतच्याही हातावर मेंदी होती. शिवबाईंना काठी टेकत आत येताना बघून सगळ्या बाजूला झाल्या. झीनत खुर्ची घेऊन धावली, पण शिवबाई बसल्या नाहीत. मधोमध जाऊन थांबल्या, वच्छलेला समोर बोलावलं. मग हात वर करून त्यांनी स्वतःच्या गळ्याची सैल कातडी चिमटीत धरली.

"सुटली," त्या म्हणाल्या. "आयका समद्याजणी. मी घातल्याली शपथ सुटली."

मग त्यांनी काठी झीनतच्या हातात दिली आणि दोन्ही हात पुढं केले. वच्छला घाबरली, नको म्हणाली, तुमची पाठ, तुमचं वय… झीनतही पुढं आली. पण शिवबाईंनी हात मागं घेतले नाहीत.

"माज्या लेकीची फुगडी अर्ध्यावर सुटल्याली हाय. ती मी पुरी करते. हळू फिरव, पडू देऊ नगंस मला."

झीनतनं मागून त्यांच्या कमरेला आधार दिला, अंकितानं दुसरी बाजू धरली. वच्छलेनं ते वाळकुडे हात हातात घेतले. फुगडी कसली ती, एका जागी पावलं सरकवत नुसतं वळणं! पण वच्छलेचे पाय भुईवरून उचलले, टाच उठली, पुन्हा टेकली, पुन्हा उठली… बांगड्या किणकिणल्या, आणि तिच्या डोळ्यांपुढं मंगळवेढ्याचा लिंब, मोहोळकडचा पार आणि अंबूचं हसरं तोंड गरगर फिरू लागलं. तिनं घट्ट डोळे मिटले. उघडले तेव्हा पहिल्यांदा आत्याबाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्या धापा टाकत होत्या, रडत होत्या, आणि धडधडीत जिवंत होत्या!

"आता तू जा," शिवबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "तुजी तू फीर. मला बघू दे."

आणि वच्छला फिरली. अंबिकाबाईंचे हात धरून आधी बेतानं, मग जराशी जोरात. झीनत "काकू, हळू" म्हणत होती आणि वच्छला हसत होती, अगदी मोठ्यानं, आपल्याला असं हसता येतं हे विसरलेल्या बाईसारखी. अंबिकाबाई दमून बाजूला झाल्या आणि कपाळ पुसत शिवबाईंना म्हणाल्या, "पण तुमच्यात पंचमी चालत नाही की हो? त्या दिवशी कुणीतरी जन्मल्याशिवाय…"

शिवबाईंनी वच्छलेकडे बोट दाखवलं. "मग ही काय? आजच झाली की."

घरी आल्यावर वच्छला घामानं चिंब झाली होती, पण हा घाम निराळा होता. तिनं तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात अंकितानं रोजच्या सवयीनं गॅस पेटवून तवा ठेवला आणि भाजीसाठी विळी खाली घेतली. उंबऱ्यावरच्या स्टुलावरून शिवबाई तिच्यावर कडाडल्या.

"ए पोरी, तवा उतर खाली! आन् ती विळी ठिव तितंच. पंचमी हाय आज आपल्या घरात, कळत न्हाय का?"

अंकितानं दचकून तवा उतरवला. वच्छलेनं पदराला हात पुसले, डाळीचा डबा काढला आणि दिंडांसाठी पुरण शिजायला टाकलं.